पावसाळा संपला की रोबोटचा हात शून्य विसरतो: कुठून तपासायचं, कुठे थांबायचं

माझ्या गॅरेजमध्ये एक जुना औद्योगिक रोबोटचा हात आहे. बराच काळ बंद राहिला की तो शून्य विसरतो, म्हणजे प्रत्येक सांध्याचे अंश जिथून मोजायचे ती जागा. घरात आम्ही याला ‘हात विसरला’ असं म्हणतो. दिवाळीच्या तोंडावर गॅरेज उघडायचं, धूळ झटकायची, कंट्रोलरचा, म्हणजे हात चालवणाऱ्या कपाटाचा, मुख्य स्विच चालू करायचा आणि पेंडंटवर, म्हणजे हातात धरून यंत्र चालवायच्या पॅनलवर, अलार्मची ओळ बघायची. दारातून भाचा विचारतो, “मामा, पुन्हा विसरला का?” गेल्या सहा वर्षांत माझ्या यंत्राच्या बाबतीत हे चार वेळा घडलं. रबाळ्याला एका मित्राच्या गाळ्यात दोनदा आणि एका कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये एकदा मी हाच दोष काढून दिला. सातपैकी पाच वेळा किरकोळ दुरुस्तीने एका संध्याकाळीत काम उरकलं. उरलेल्या दोन वेळा दोष खोल होता. त्यातल्या एका वेळी मी पोहोचण्याआधीच कुणीतरी घाईने सगळ्या सांध्यांचं शून्य नव्याने लावून टाकलं होतं, त्यामुळे दोन तासांचं काम दोन दिवसांवर गेलं.

म्हणून आधीच सांगतो. हाताला शून्य परत शिकवण्याची घाई करू नका. तो का विसरला ते आधी शोधा. कारण तसंच राहिलं तर आठ दिवसांनी तो पुन्हा विसरेल, आणि मधल्या काळात तुमच्या ज्या खुणा आणि नोंदी खऱ्या होत्या त्याही तुम्ही पुसून टाकलेल्या असतील.

माझा हात सहा सांध्यांचा, जपानी बनावटीचा. वेल्डिंगच्या लाइनवर आयुष्य काढून भंगारात निघालेला. तुर्भ्याच्या एका गोदामातून टेम्पोत घालून मुलुंडच्या आमच्या जुन्या घराच्या तळमजल्यावरच्या गॅरेजमध्ये आणला. वजन दीडशे किलोच्या आसपास, मनगटावर उचलतो सहा किलो. तुमचं यंत्र वेगळं असलं तरी ज्या हातात बॅटरीवर चालणारे अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडर (मोटर कुठवर फिरली ते मोजणारे सेन्सर) आहेत, त्या सगळ्यांना पुढचं बहुतेक लागू पडेल.

लक्षणं

बंद करताना हात ठीक होता, सुरू केल्यावर बॅटरीचा किंवा एन्कोडरचा अलार्म आला, हे पहिलं आणि सगळ्यांत स्पष्ट लक्षण. फॅनुक या जपानी कंपनीच्या कंट्रोलरवर हा अलार्म एसआरव्हीओ-०६२ म्हणून येतो आणि पुढे बीझेडएएल असं लिहिलेलं असतं. म्हणजे एन्कोडरला बॅटरीचा व्होल्टेज मिळालेलाच नाही. त्याच्या आधीची पायरी एसआरव्हीओ-०६५, बीएलएएल: व्होल्टेज आहे, पण उतरत चाललाय. ही सूचना आलेली असताना रिसेट करून काम पुढे रेटलं जातं आणि महिन्याभराने ०६२ समोर उभा राहतो. एबीबी या कंपनीच्या यंत्रावर हेच दुखणं रेव्होल्युशन काउंटर, म्हणजे फेऱ्यांची गणती, अपडेट करायला सांगणाऱ्या निरोपाच्या रूपात येतं.

दुसरं लक्षण: अलार्म कसाबसा गेला, सांधे एकेक करून हलतात, पण हात सरळ रेषेत न्यायला गेलं की कंट्रोलर नकार देतो. सांधे कुठे आहेत हेच त्याला माहीत नाही, मग रेषेचं गणित तो करणार कसं?

तिसरं: हात डोळ्यांना सरळ उभा दिसतोय आणि पडद्यावर तिसऱ्या सांध्याचे अंश भलतेच.

चौथं लक्षण सगळ्यांत घातक. अलार्म नाही, प्रोग्रॅम चालतोय, पण हात ठरलेल्या जागेच्या चार बोटं बाजूला जातो. म्हणजे कुणीतरी चुकीचं शून्य पक्कं केलंय. असा हात टेबलात, भिंतीत, माणसात कुठेही घुसेल. हे दिसल्याबरोबर लाल बटण दाबा आणि पेंडंट खाली ठेवा.

हात थरथरतो, गुरगुरतो, मोटर तापते, ड्राइव्ह (मोटरला वीज देणारा भाग) ट्रिप होते, असं काही असेल तर ती दुखणी वेगळी. त्यांचा या लेखाशी संबंध नाही.

नेमकं विसरतो काय

हे एकदा कळलं की पुढच्या सगळ्या तपासण्यांचा अर्थ लागतो. मोटरच्या पाठीमागे एन्कोडर असतो. एका फेऱ्यामध्ये मोटरचा दांडा नेमका कुठे आहे ते तो चकतीवरून वाचतो, त्यासाठी बॅटरी लागत नाही. पण मोटर एका फेऱ्यावर थांबत नाही. सांधा थोडा हलायला मोटरला बरेच फेरे मारावे लागतात. समजा गिअरचं प्रमाण १२० आहे. मोटरचा एक पूर्ण फेरा म्हणजे सांध्याचे फक्त ३ अंश. ‘हा कितवा फेरा’ ही गणती एका छोट्या मेमरीत राहते, आणि वीज बंद असताना ती मेमरी जिवंत ठेवण्याचं काम बॅटरी करते. बॅटरी गेली की गणती गेली. फेऱ्यातली जागा मात्र शाबूत असते.

म्हणजे हात सगळं विसरत नाही. घड्याळाचा मिनिटकाटा बरोबर आहे आणि तासकाटा गळून पडलाय, असं समजा. तासाचा अंदाज बाहेरून कुणी सांगितला तर वेळ पुन्हा मिनिटापर्यंत अचूक कळते. हा अंदाज सांगण्यासाठीच प्रत्येक सांध्यावर खुणेच्या रेघा किंवा खाचा असतात.

याच हिशेबातून चूकही ओळखता येते. एका फेऱ्याची चूक झाली तर सांधा ३ अंश चुकेल, आणि सांध्यापासून ७०० मिलिमीटरवर असलेलं टोक जवळजवळ ३७ मिलिमीटर बाजूला जाईल. तुमचा हात असा मोठी उडी मारून चुकत असेल तर फेऱ्यांची गणती चुकली आहे. पाच-सहा मिलिमीटरच चुकत असेल तर ते नुसत्या डोळ्यांनी जुळवलेल्या खुणेचं काम असतं, किंवा यंत्रात कुठेतरी ढिलाई आली आहे.

आणि पावसाळाच का? कारखान्यात कंट्रोलर दिवसभर, बऱ्याच ठिकाणी रात्रंदिवस चालू असतो. चालू असताना एन्कोडरला कंट्रोलरकडून वीज मिळते, बॅटरी खर्च होत नाही. आपल्या गॅरेजमध्ये उलटं आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ओल, गळती, शेजारच्यांचं सामान, यामुळे हात बंदच राहतो आणि चारही महिने बॅटरी एकटी झिजते. ‘सेल वर्षातून एकदा बदला’ ही सूचना कारखान्यातल्या वापराच्या हिशेबाने दिलेली असते, गॅरेजमध्ये तिच्यावर विसंबू नका. त्यात मुंबईची दमट, खारी हवा स्प्रिंगा आणि पिना खाते ते वेगळंच.

हात लावण्याआधी

इमर्जन्सी स्टॉप दाबून ठेवा. पेंडंटवरच्या अलार्मचा आणि अलार्मच्या इतिहासाच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा. प्रत्येक सांध्याच्या खुणेचा जवळून फोटो काढा, हात आता ज्या स्थितीत आहे तसाच. रिसेटवर रिसेट दाबू नका.

कंट्रोलरची मेमरी मेमरी-कार्डावर उतरवून घ्या. जुन्या कंट्रोलरना पीसीएमसीआयए कार्ड लागतं, मला लॅमिंग्टन रोडवर अ‍ॅडॉप्टरसकट मिळालं. याचं कारण असं की कंट्रोलरच्या आत मेनबोर्डवर आणखी एक लहान लिथियम बॅटरी असते. प्रोग्रॅम, पॅरामीटर आणि शून्याचे आकडे ती जपते. पायथ्यातले सेल गेले तर हात विसरतो. ही बॅटरी गेली तर कंट्रोलरच सगळं विसरतो, आणि बॅकअप नसेल तर तिथून परत येणं माझ्या आवाक्यातलं नाही. दोन्ही बॅटऱ्या बहुतेक वेळा एकाच वयाच्या असतात. एक मेली तेव्हा दुसरीवर भरवसा ठेवू नका.

गॅरेजचं शटर अर्धं ओढून घ्या. आमच्याकडे सोसायटीतली मुलं रोबोट बघायला येतात, मलाही त्यांना दाखवायला आवडतं. पण हाताला शून्य माहीत नसताना त्याच्या पोहोचीत एकही माणूस नको.

पहिली तपासणी: एक सांधा की सगळे?

फुकटची तपासणी, आणि सगळ्यांत जास्त सांगून जाणारी. अलार्मच्या पानावर कुठल्या ॲक्सिसचं, म्हणजे सांध्याचं, नाव आहे ते वाचा. सहाही ॲक्सिस एकदम गेले असतील तर दोष सगळ्यांच्या सामाईक जागेत आहे: सेल, सेलची पेटी, पेटीपासून निघणाऱ्या वायरी किंवा पायथ्याचा मोठा कनेक्टर. एकच ॲक्सिस गेला असेल तर सेल बदलून काहीही होणार नाही. त्या एका मोटरचा कनेक्टर, तिची केबल किंवा तिचा एन्कोडर बघावा लागेल. मोटरचा एन्कोडरचा कनेक्टर नुसता काढला तरी बॅटरी तुटते आणि तेवढाच ॲक्सिस विसरतो. म्हणून आधी स्वतःला विचारा: मध्यंतरी ग्रीस भरायला किंवा रंग द्यायला कुठला कनेक्टर उघडला होता का? कॉलेजमधलं प्रकरण एवढंच निघालं. मुलांनी चौथ्या सांध्याचं कव्हर साफ करताना प्लग काढून परत लावला होता.

पल्स मिसमॅचचा अलार्म, म्हणजे एसआरव्हीओ-०३८, यातला तिसरा प्रकार. त्याचा अर्थ, बंद करताना नोंदलेली जागा आणि आता वाचलेली जागा जुळत नाही. जुना बॅकअप परत भरला असेल किंवा बंद असताना ब्रेक घसरून सांधा खाली आला असेल, तर हा येतो. ब्रेकचं पुढे सांगतो.

सेल

पायथ्याला मागच्या बाजूला चार स्क्रूंची झाकणी असते. माझ्या यंत्रात आत डी साइजचे, टॉर्चचे मोठे असतात तसे चार सेल, मिळून ६ व्होल्ट. काही यंत्रांत ३.६ व्होल्टचे लिथियम सेल असतात.

झाकण काढण्याआधी एक गोष्ट. हात अजून विसरलेला नसेल, फक्त बॅटरी कमी असल्याची सूचना असेल, तर कंट्रोलर चालू ठेवूनच सेल मोजा आणि बदला, इमर्जन्सी स्टॉप दाबलेला ठेवून. बंद कंट्रोलरवर सेल काढलात तर जो विसरला नव्हता तोही विसरेल. काही एन्कोडरमध्ये लहान कपॅसिटर असतो, तो सेल काढल्यावर थोडा वेळ गणती धरून ठेवतो असं म्हणतात. पण वीस वर्षं जुन्या कपॅसिटरवर मी माझं काम सोपवत नाही.

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी ही झाकणी काढली तेव्हा आधी वास आला, ओल्या चुन्यासारखा. तिसऱ्या सेलच्या बुडाशी पांढरी, खडबडीत पूड जमली होती आणि तिच्यामागची स्प्रिंग हिरवट झाली होती. बोटाने ढकलली तर पहिले दोन वेढे तुटून हातात आले. मीटरवर चार सेलांचे मिळून ५.७ व्होल्ट दिसत होते. म्हणजे आकडा ठीक, आणि तरी हात विसरलेला. कंट्रोलर बंद ठेवून पेटी जरा हलवली तर पेटीतून निघणाऱ्या दोन वायरींवरचा आकडा शून्यावर येऊन परत वर जायचा. तेव्हापासून मी सेलचा आकडा कधीच एकटा वाचत नाही.

तर क्रम असा. आधी डोळ्यांनी बघा: गळती, गंज, उलटा बसलेला सेल. चारातला एक उलटा घातला तर ६ ऐवजी ३ व्होल्ट मिळतात, आणि अंधाऱ्या कोपऱ्यात वाकून सेल घालताना हे सहज होतं. मग प्रत्येक सेल वेगळा मोजा. अल्कलाइन सेलचा व्होल्टेज हळूहळू उतरतो, त्यामुळे मीटर खरं सांगतो. चारांचे मिळून ५.५ च्या खाली गेले की मी बदलतो. लिथियम सेलचा भरवसा मीटरवर ठेवू नका. तो शेवटपर्यंत ३.६ दाखवतो आणि मग एकदम कोसळतो, म्हणून तो तारीख बघून बदलायचा.

बदलताना अल्कलाइनच घ्या, चारही नवे, एकाच कंपनीचे आणि एकाच तारखेचे. चार्ज होणारे सेल घालू नका. ते प्रत्येकी १.२ व्होल्टचे, चार मिळून जेमतेम ४.८ होतात आणि कंट्रोलर पहिल्या दिवसापासून कुरकुरतो. लिथियम सेलला चुकूनही चार्जिंग देऊ नका, त्यावर थेट सोल्डरही लावू नका, तो फुटू शकतो. पेटीच्या आतल्या बाजूला तारीख मार्करने लिहा. झाकणीवर लिहिलेली तारीख पुसली जाते, आतली राहते.

पेटी, वायरी, कनेक्टर

पांढरी पूड पुसायला जुना टूथब्रश आणि व्हिनेगर. व्हिनेगर नसेल तर लिंबू चालतं. ती पूड क्षार आहे, आम्लाने सुटते. हातमोजे घाला. नंतर ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडं करा. स्प्रिंग गंजली असेल तर घासत बसू नका, पेटीच बदला. मापाची पेटी नाही मिळाली तर नुसत्या स्प्रिंगा आणि पत्र्या बदलता येतात. लोहार चाळीत आणि नागदेवीच्या गल्ल्यांत फिरलं की मिळून जातात, जुनी स्प्रिंग खिशात घेऊन जा.

मग पेटीपासून पुढे सरका. सेल जागेवर असताना मीटरच्या पिना वायरींच्या दुसऱ्या टोकाला, कनेक्टरपाशी लावा आणि वायर बोटांनी हलवा, कनेक्टरला हलकी टिचकी मारा. आकडा जागचा हलता कामा नये. हलला, तर दोष तिथेच आहे. हे करताना कंट्रोलर बंद हवा, कारण तेव्हाच फक्त बॅटरीचा मार्ग तपासला जातो. हात आधीच विसरलेला आहे, आता गमावण्यासारखं काही नाही.

पायथ्याच्या मोठ्या कनेक्टरला हात लावण्याआधी मुख्य वीज काढा आणि थांबा. ड्राइव्हमधल्या कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास डीसी साठलेला असतो. ड्राइव्हवरचा चार्जचा दिवा विझायची वाट बघा, मग मीटरने खात्री करा, आणि मगच उघडा. दिवा विझला एवढ्यावर विश्वास ठेवू नका, दिवाच जळलेला असू शकतो.

कनेक्टर उघडल्यावर पिनांवर हिरवट डाग, ओलीचा धूसर थर किंवा आत ढकलली गेलेली पिन शोधा. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, मऊ ब्रशने पुसा, तासभर पंख्याखाली ठेवा. डब्ल्यूडी-४० मारून सोडून देऊ नका. त्याचा तेलकट थर राहतो आणि त्यावर पुढच्या पावसाळ्यात धुळीचा लेप बसतो.

ओल कमी करायचे दोन उपाय माझ्याकडे चालले. एक, कंट्रोलरच्या कॅबिनेटमध्ये सिलिका जेलच्या पिशव्या, दर पंधरा दिवसांनी तापवून पुन्हा वापरायच्या. दुसरा याहून चांगला: पावसाळ्यात दर रविवारी कंट्रोलर दोन तास नुसता चालू ठेवायचा. आतून ऊब मिळते, ओल निघते, तेवढा वेळ सेलही झिजत नाही, आणि बॅटरीची सूचना असेल तर ती जुलैतच दिसते, दिवाळीत नाही. कॅबिनेट मी विटांच्या ओट्यावर उचलून ठेवलंय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तो दिवस पाहिलेल्या माणसाने मुंबईत तळमजल्यावर कुठलाही ड्राइव्ह जमिनीवर ठेवू नये.

आता शून्य परत द्या

कारण सापडलं, दुरुस्त झालं, तरच इथे या.

फॅनुकवर मेनूतून सिस्टिममध्ये जाऊन मास्टर/कॅल हे पान उघडायचं. यादीत ते दिसत नसेल तर सिस्टिम व्हेरिएबलमध्ये मास्टर-ईएनबी १ करा, मग दिसेल. तिथे आरईएस-पीसीए या कळीने एन्कोडरचा अलार्म मिटवायचा आणि कंट्रोलर बंद करून चालू करायचा. त्यानंतर एसआरव्हीओ-०७५, पल्स नॉट एस्टॅब्लिश्ड, असा अलार्म येईल. घाबरू नका, हे बरोबर चाललंय. एन्कोडरला आपली जागा पकडण्यासाठी मोटरचा किमान एक फेरा हवा असतो. टी-१ मध्ये, म्हणजे सेकंदाला २५० मिलिमीटरची मर्यादा असलेल्या मोडमध्ये, प्रत्येक सांधा एकेकटा थोडा पुढेमागे हलवा आणि रिसेट करा.

मग प्रत्येक सांधा त्याच्या खुणेवर आणा. टॉर्च तिरका धरा, रेघेची सावली पडते आणि जुळणी नीट दिसते. भाचा टॉर्च धरतो, मी पेंडंटवर असतो, आणि तो ‘बस’ म्हणेपर्यंत मी बटण सोडून सोडून दाबतो. सांधा शेवटी नेहमी एकाच दिशेने खुणेवर आणा, गिअरमधली ढिलाई मग एकाच बाजूला राहते. ज्या यंत्रांत मनगटाचे सांधे आतून एकमेकांशी जोडलेले असतात, तिथे चौथा हलवला की पाचवा आणि सहावाही सरकतो. म्हणून आधी चौथा, मग पाचवा, शेवटी सहावा.

इथे दोन वाटा आहेत. शून्य पक्कं करण्याला मास्टरिंग म्हणतात. हात ठणठणीत असताना तुम्ही कधीतरी रेफरन्स पोझिशन, म्हणजे खात्रीची एक जागा, नोंदवून ठेवली असेल तर क्विक मास्टरिंग करा. सांधा खुणेच्या मोटरच्या अर्ध्या फेऱ्याइतका जवळ आणला, म्हणजे वरच्या उदाहरणात दीड अंशाच्या आत, की पुढची अचूकता एन्कोडरच देतो. तासकाटा तुम्ही सांगितला, मिनिटकाटा त्याच्याकडे आहेच. रेफरन्स नसेल तर झिरो पोझिशन मास्टरिंग. तिथे तुमच्या डोळ्यांची चूक जशीच्या तशी शून्यात जाते. शिकायला, ब्रश धरायला, लाकूड घासायला तेवढं पुरतं. जुने प्रोग्रॅम मात्र मिलिमीटरला जुळणार नाहीत.

एकच सांधा विसरला असेल तर त्या एकाचंच मास्टरिंग करा. बाकीचे पाच खरे आहेत, त्यांना हात लावू नका. रबाळ्याला कुणीतरी सहाही नव्याने लावले होते, त्यातच ते दोन दिवस गेले.

शेवटी कॅलिब्रेट, आणि लगेच नवी रेफरन्स पोझिशन नोंदवा. हे राहिलं तर पुढच्या वेळी पुन्हा डोळ्यांवर यावं लागेल.

दोन सुयांची परीक्षा

मला या सगळ्या कामात सर्वांत आवडणारा भाग हा. टेबलावर एक सुई घट्ट उभी बसवलीय, गोधडी शिवायचा दाभण आहे तो, आईकडून मागून घेतलेला. दुसरी सुई हाताच्या फ्लँजवरच्या, म्हणजे मनगटाच्या टोकाला हत्यार बसवायच्या चकतीवरच्या, पट्टीवर. हात नीट असतानाच मी एक छोटा प्रोग्रॅम करून ठेवला: टेबलावरच्या सुईच्या टोकाला हातावरच्या सुईचं टोक चार वेगवेगळ्या ढबींत टेकवायचं. सांध्यांच्या अंशांत साठवलेल्या चार जागा, बाकी काही नाही.

शून्य दिल्यावर हाच प्रोग्रॅम टी-१ मध्ये, वेग १० टक्क्यांवर, बोट इमर्जन्सी स्टॉपवर ठेवून, एकेक पाऊल चालवायचा. टोकाला टोक आलं, मध्ये कागद सरकेल इतकंच अंतर राहिलं, आणि चारही ढबींत तसंच राहिलं, तर शून्य बरोबर. एका ढबीत जुळलं आणि दुसरीत सुटलं तर एखादा सांधा चुकलाय. चारही वेळा टोक पायथ्याभोवती एकाच बाजूला सरकलेलं दिसलं तर पहिल्या सांध्यावर संशय घ्या.

हातावरची सुई फ्लँजच्या बरोबर मध्यावर लावू नका. मध्यावर असेल तर सहावा सांधा चुकला तरी सुई जागच्या जागी फिरेल आणि चूक दिसणारच नाही. चार-पाच सेंटिमीटर बाजूला लावा.

पुन्हा विसरला तर

आठवड्याच्या आत पुन्हा अलार्म आला, सेल नवे, पेटी नवी, कनेक्टर कोरडे, तर दोन गोष्टी उरतात.

ब्रेक आधी बघा, कारण बघायला पेन्सिल पुरते. दुसरा आणि तिसरा सांधा हाताचं वजन तोलतात. बंद करण्याआधी सांध्याच्या दोन्ही भागांवर आडवी बारीक रेघ मारा आणि तासाभराने या. रेघ तुटली असेल तर ब्रेक घसरतोय. तिथेच थांबा. त्या हाताखाली जाऊ नका, ब्रेक सोडायचं बटण दाबून ‘बघू’ म्हणू नका.

दुसरी गोष्ट हाताच्या आतून जाणारी केबल. वर्षानुवर्षं वाकून आतली बॅटरीची तार तुटते, वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. हात एका ठरावीक ढबीत बंद केला तरच विसरतो, दुसऱ्या ढबीत नाही, असं दिसलं तर जवळजवळ नक्की केबलच. कंट्रोलर बंद करून तारेचा सलगपणा मीटरच्या बीपवर तपासा, केबल हळूहळू वाकवत. रबाळ्याचा एक दोष असाच, तिसऱ्या सांध्याच्या वळणावर सापडला. केबल बदलायची तर त्या सांध्याला आधी चेन पुलीने किंवा भक्कम लाकडी ठोकळ्यांनी आधार द्या. मोटर किंवा गिअरबॉक्स खोलायचा नाही. एकदा मोटर गिअरपासून सुटली की फेऱ्यातली जागासुद्धा बदलते, आणि मग क्विक मास्टरिंगही कामाला येत नाही.

इथे थांबा, माणूस बोलवा

एन्कोडर उघडायचा नाही. चकतीवर बोटाचा ठसा पडला तरी तो गेला.

बॅलन्सरला हात लावायचा नाही. दुसऱ्या सांध्याशेजारी जो जाड दंडगोल असतो त्यात दाबलेली स्प्रिंग असते, काहींत गॅस असतो. घरच्या हत्यारांनी तो उघडायला जाणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

ब्रेक घसरत असेल, ड्राइव्हमध्ये जळका वास येत असेल, कंट्रोलरची मेमरी बॅकअपशिवाय गेली असेल, किंवा सुया दोनदा मास्टरिंग करूनही एक-दोन सेंटिमीटर सुटत असतील, तर सर्व्हो आणि रोबोट दुरुस्त करणाऱ्या माणसाला बोलवा. रबाळे, महापे, वागळे इस्टेट या पट्ट्यात असे कारागीर आहेत. कारखान्यातल्या मेंटेनन्सवाल्या ओळखीच्या माणसाला विचारलंत की नाव मिळतं.

तीन फेजच्या बाजूला, ट्रान्सफॉर्मरच्या टॅपला (व्होल्टेज निवडायच्या जोडणीला) आणि अर्थिंगला स्वतः हात घालू नका. जुने जपानी कंट्रोलर बऱ्याचदा २०० व्होल्टचे असतात. चुकीच्या टॅपवर आपली तीन फेज लागली तर एका क्षणात ड्राइव्ह जातात. तिथे परवानाधारक वायरमनच हवा. पेंडंटमागचा सेफ्टी स्विच किंवा इमर्जन्सी स्टॉप जंपर (त्याला वगळून जोडलेली तार) लावून बंद केलेला मिळाला, आणि भंगारातून आलेल्या यंत्रात तो मिळतो, तर तो जंपर काढून सर्किट नीट झाल्याशिवाय हात हलवू नका.

ज्याला बोलवाल त्याला फोनवरच सांगा: पायथ्याच्या पाटीवरचं मॉडेल आणि नंबर, कंट्रोलरचं नाव, अलार्मचा पूर्ण आकडा, किती ॲक्सिस विसरले, सेल कधी बदलले, आणि मास्टरिंग कुणी केलंय का. सुरुवातीला काढलेले फोटो पाठवा. रबाळ्याच्या त्या तुटक्या केबलसाठी आलेल्या कारागिराने फोटो बघून नवी केबल सोबतच आणली होती, आणि संध्याकाळी सातच्या आत हात चारही ढबींत सुईला टेकत होता.